‘बाय अँड लार्ज’चे तीन तुकडे

समजा, तुम्ही माझ्या वहिनीच्या खुर्चीत बसला आहात. पडद्यावर इंग्रजी वाक्य येतं. प्रत्येक शब्दाखाली चौकट. नाम, विशेषण, क्रियापद, जे असेल ते निवडायचं. यावरून संगणक व्याकरण शिकणार. आणि मध्येच येतं ‘बाय अँड लार्ज’. सांगा आता, यातलं ‘लार्ज’ कुणाचं विशेषण? मोठं कोण? कुणीच नाही! तिन्ही शब्द मिळून अर्थ एकच, ‘एकंदरीत’. तोडलं की मेलं.

अशा ठिकाणी वहिनी शेवटचा पर्याय निवडायची, ‘अखंड’. तो निवडला की कारण लिहावं लागतं, वेग कमी होतो, म्हणून ऑफिसच्या त्या खोलीत कुणी त्याच्या वाटेला जात नाही. एकच वाक्य तिघांकडे जातं. दोघांचं जुळलं की ते बरोबर, तिसरा चुकला. कोण दोघं, ते कुणालाच कळत नाही. वहिनी रोज चुकत होती. चुका वाढल्या की काम बंद. आणि शाळेतली नोकरी गेल्यापासून तिला तेवढी एकच खुर्ची उरली होती.

सोमवारी साहेबांनी बोलावलं.

“मॅडम, सगळे एकीकडे, तुम्ही एकीकडे. तोडून टाका ना! काय बिघडतं?”

“साहेब, तुमच्यापुढे माझ्या नाकी नऊ आलेत. त्यातले नऊ जरा मोजून दाखवा. नाहीतर दहा करा. काय बिघडतं?”

साहेब हसले. संध्याकाळी काम बंद झालं.

घरी आल्या आल्या वहिनीने डबा ओट्यावर असा आदळला की झाकण मोरीपर्यंत गेलं. माझी ताई, म्हणजे तिची नणंद, त्याच खोलीत काम करते. वहिनीनेच शब्द टाकून तिला तिथे लावलं होतं.

“अगं वहिनी, कशाला डोकं लावायचं?” ताई झाकण उचलत म्हणाली. “ते ‘बाय अँड लार्ज’ मलाही आलं होतं. कारणं कोण खरडत बसणार? तीन तुकडे केले, मोकळी झाले.”

“तुला ठाऊक नव्हतं?”

“नव्हतं कसं? दहावीला तूच नाही का घोकून घेतलंस?”

माझंच डोकं फिरलं. माहीत असून तोडलं, आणि तेच ‘बरोबर’ म्हणून मोजलं गेलं! मी तोंड उघडणार तोच वहिनीने हाताने थांबवलं. ती ताईकडे वळली.

“तू कंटाळा केलास, ते कळलं मला. पण तुझ्याशी जुळला तो दुसरा कोण होता गं? त्यालाही ठाऊक होतं का?”