छपरावरचा मुद्देमाल

इतकी वर्षं झाली, पण ते प्रकरण काल घडल्यासारखं माझ्यासमोर आहे. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. धुळे जिल्ह्यात तापीकाठच्या एका तालुक्याला मी फौजदार होतो. दिवाळी तोंडावर असताना गुजरातच्या किनाऱ्यावर मोठं चक्रीवादळ धडकलं. समुद्र आमच्यापासून कितीतरी लांब, त्यामुळे ते इथपर्यंत येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. पण ते सुरतेकडून तापीच्या खोऱ्यात घुसलं आणि एका दुपारीत छपरं उचलून घेऊन गेलं. वेचणीला आलेला कापूस चिखलात गेला. नदीकाठच्या एका गावात तर धड छप्पर शोधून सापडेना.

वादळ गेल्यावर पोलिसांचं काम सुरू होतं. पडलेल्या भिंती, वाहून गेलेली जनावरं, अकस्मात मृत्यूचे पंचनामे. त्यात थंडी पडू लागली होती. सरकारने घरांसाठी पत्रे मंजूर केले, ते तालुक्याच्या गोदामात आले, हे आम्हीही ऐकलं होतं. गावात मात्र एक पत्रा पोचला नव्हता.

अशात एका सकाळी ठाण्यावर फिर्याद आली. फिर्यादी होते तालुक्यातले एक वजनदार गृहस्थ, कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक. सगळे त्यांना नाना म्हणत. पत्र्यांनी भरलेला त्यांचा ट्रक त्या नदीकाठच्या गावाजवळ नाल्यात रुतला, तेव्हा गावातल्या बायकांनी तो रिकामा केला, अशी तक्रार होती.

"सरळ दरोडा आहे हा," नाना म्हणाले. "जिनिंगवर घालायला सुरतेहून पत्रे मागवले होते मी. सगळ्यांना आत टाका."

नाना गेल्यावर आमचे जुने हवालदार माझ्याजवळ आले. "साहेब, वादळानंतर मी जिनिंगवरून गस्त घालून आलोय. छप्पर जागच्या जागी आहे. एक खिळा हललेला नाही."

"मग पत्रे कशाला?"

"तेच म्हणतो मी."

चौकशीसाठी बायकांना ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून हवालदारांना घेऊन मीच गावात गेलो. नवे पत्रे घराघरांवर चढले होते, वर दगड ठेवलेले. लपवाछपवी काहीच नव्हती. बायकांची म्होरकी एक पन्नाशीची विधवा होती. गाव तिला अक्का म्हणायचं. तिच्याच ओसरीवर मी बसलो आणि एकेकीला बोलावलं.

"गाडीवर आधी कोण चढलं?"

"मी," अक्का म्हणाली.

दुसरीला विचारलं, तीही म्हणाली, "मी." तिसरीही तेच. शेवटी काठी टेकत एक म्हातारी आली. तिला ओसरीची पायरी चढवत नव्हती. ती म्हणाली, "गाडीवर पहिले मी चढनू. लिही ले." हवालदारांनी तोंड फिरवून घेतलं.

माझ्या नोकरीत मी पुष्कळ चोर पाहिले. चोर दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इथे प्रत्येक बाई गुन्हा आपल्याकडे ओढत होती. अशी माणसं खोटं बोलत असली तरी चोर नसतात, हे मला तिथेच कळलं.

दुपार झाली होती. मी अक्काच्या घरात पंचनाम्यासाठी उभा असताना माझ्या बाहीवर काळा थेंब पडला. वर पाहिलं तर उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या खालच्या बाजूला फासलेला डांबराचा पट्टा पाघळत होता.

"रोज असंच गळस," अक्का म्हणाली. "भाकरीवर बी पडस."

हवालदारांनी चिंधीने तो पट्टा पुसला. डांबराखाली सरकारी शिक्का होता. मग आम्ही दुसरं घर पाहिलं, तिसरं पाहिलं. प्रत्येक पत्र्यावर डांबर आणि डांबराखाली तोच शिक्का. बायकांनी लुटलेले पत्रे त्यांच्याच नावाने आलेले होते.

संध्याकाळी ट्रकचा ड्रायव्हर समोर बसला. त्याने आधी पाठ केलेलं सांगितलं, माल सुरतेचा, बायकांनी मारहाण केली. मी म्हणालो, "मार कुठे लागला ते दाखव." त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

"मारलं नाही साहेब. गाडी ढकलून काढली त्यांनी. जेवूही घातलं." मग त्याने सगळं सांगितलं. माल तालुक्याच्या गोदामातच भरला होता. डांबर नानांच्या आवारात फासलं गेलं आणि तिथून माल बाहेर विकायला चालला होता. गोदाम सांभाळणारा त्यात सामील होता.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांचा फोन आला. बायकांना अटक करा, बाकीचं सोडून द्या. मी म्हणालो, "सर, हुकूम लेखी पाठवावा." तो लेखी हुकूम कधीच आला नाही. मी नाना आणि गोदामवाल्यावर सरकारी मालाच्या अपहाराचा गुन्हा नोंदवला.

आता पत्रे मुद्देमाल झाले होते. कायद्याने ते जप्त करून ठाण्यात आणायला हवे होते. शिपाई घेऊन मी गावात पोचलो, तर बायका छपरांवर चढून बसलेल्या. अक्का वरूनच बोलली.

"पत्रा लेवाना व्हतीन तर आमले बी संगे ली चाला."

"अक्का, खाली ये. कायदा आहे."

"वादळ उनं तवय कोठे व्हता कायदा?"

मी शिडी मागवली, वर चढलो आणि छपरावरच पंचनामा केला. कोर्टाच्या परवानगीने मुद्देमाल अक्काच्या ताब्यात दिला, सांभाळून ठेवण्याच्या अटीवर.

खटल्यात नानांच्या वकिलांनी यावरच बोट ठेवलं. मुद्देमाल ऊनपावसात टाकलाय, असं ते म्हणाले. न्यायाधीशांनी अक्काला विचारलं, "पत्रे नीट आहेत का?"

"साहेब, ज्या पत्राखाले आमना पोरं झोपतस, त्या आम्ही कोठे जाऊ देसूत?"

गोदामवाल्याला शिक्षा झाली. नाना संशयाचा फायदा मिळून सुटले. पत्रे कोर्टाने गावालाच दिले. निकाल लागून महिना व्हायच्या आत माझी बदली झाली. मी अर्ज केला नाही, कुणाला भेटलो नाही. सामान बांधलं आणि निघालो.

त्या प्रकरणाने मला एक शिकवलं. वादळ कुणाचं तोंड पाहत नाही. तोंड पाहून वागतो तो वादळामागून येणारा माणूस, आणि पोलिसाने उभं राहायचं ते त्याच्या आडवं. नाना सुटले याची चीड मला आजही आहे. ती जाऊ नये असंच वाटतं.

जाताना गावात थांबलो. अक्काने आभार मानले नाहीत. तिने चहा दिला आणि विचारलं, "नवा साहेब कसा शे?"

"माहीत नाही मला."

"येऊ द्या," ती म्हणाली. "वाकडा निंघना तर त्याले बी शिकाडी देसूत."