सांगाव्याची वही

ग्रामसभेत आबांनी वही माझ्या पायांवर फेकली.

दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची साधी वही. ती उघडी पडली आणि पंख्याच्या वाऱ्याने तिची पाने उलटू लागली. पंचायतीच्या शेडखाली अर्धे गाव बसले होते. आबा उभे होते. वयाने ते माझ्याहून बारा वर्षांनी लहान. गावात त्यांना पद लागत नाही, शब्द पुरतो.

"बायकांकडून नवऱ्यांची मरणं लिवून घेतुस व्हय रं?" ते म्हणाले. "जित्या मानसांची?"

त्यांनी माझ्याकडे बोट रोखले.

"तुझ्या बापजाद्यांचं कामच हुतं म्हना. मर्तिकाचा सांगावा घिऊन गावोगाव हिंडायचं. फौजेत जाऊन आला, पन हाड त्येच ऱ्हायलं."

मागून एक जण म्हणाला, "फौजी, आमच्या म्हातारीचं बी नाव लिव की. लई दिस झालं, हलायचं नावच न्हाई."

मग शेड हसले.

मी वाकलो. वही उचलली, धूळ झटकली आणि घरी आलो. एक शब्द बोललो नाही. त्या गप्प राहण्याला कोणी संयम म्हणू नये. ती सवय होती.

सवय कोठून आली, ते सांगतो.

माझा बाप गावचा येसकर. वेस राखणे, मेलेले ढोर ओढणे आणि मर्तिकाचा सांगावा पोचवणे ही आमच्या जातीच्या वाट्याला आलेली कामे तो करी. गावात कोणी मेले की पाहुण्यांच्या गावी बातमी घेऊन तो पायी जाई. एकदा त्याने मला बरोबर नेले. मी आठ वर्षांचा असेन. नदीकाठच्या एका गावात, एका घराच्या उंबऱ्यापासून दहा पावलांवर बाप थांबला. काठी खाली ठेवली आणि ओरडला, "जोहार, मायबाप. तुमची लेक गेली."

आतून बाई धावत आली आणि पायरीवर कोसळली. बाप नकळत एक पाऊल पुढे गेला.

"हां! तितंच थांब," ओसरीवरचा माणूस म्हणाला. "अंगावर येतुस काय?"

बाप मागे सरला. बाईला उचलायला घरातली माणसे येईपर्यंत बराच वेळ गेला. तेवढा वेळ आम्ही दोघे उभे राहून तिच्याकडे पाहत होतो. नंतर कोणी तरी लांबून शिळ्या भाकरी टाकल्या. बापाने त्या उपरण्यात झेलल्या.

परतीच्या वाटेवर तो एकच वाक्य बोलला. "मरान उभ्यानं सांगू नये रं. पन आपल्याला बसाया कोन देतंय."

ते वाक्य मी तेव्हा नीट ऐकले नाही. मला भाकरींची लाज वाटत होती.

अठराव्या वर्षी भरती झालो. बावीस वर्षे नोकरी केली, नाईक म्हणून परतलो. बरोबर काळी लोखंडी पेटी आणली. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत माझा नंबर होता आणि आत पुस्तके होती. चौथी शिकलेला माणूस पहाऱ्यावरून उतरल्यावर जी मिळतील ती पुस्तके वाचत गेला, त्याचा तो साठा.

पेन्शनीत मी ती पेटी आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराच्या खोलीत उघडली. काष्टीच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात फौजींची घरे पुष्कळ. नवरा सीमेवर, बाई सासरी. पहिल्यांदा वस्तीतल्या दोघी आल्या. मग गावातल्या आल्या. गावातल्या सुना आमच्या वस्तीत येऊन सतरंजीवर बसतात, हे गावाने पाहिले आणि कपाळाला आठ्या घालून सोडून दिले.

एक जण मोठ्याने वाची, बाकीच्या डाळ निवडत ऐकत. कादंबऱ्या वाचल्या. लेकरांच्या आजारांचे एक पुस्तक वाचून वाचून शिवणीत उसवले. फॅमिली पेन्शनचे नियम मी वाचून दाखवले. कोणाच्या बाळंतपणाला कोणी थांबायचे, कोणाच्या सासूला दवाखान्यात कोणी न्यायचे, हेही तिथेच ठरू लागले. मी त्यांना शिकवले, असे म्हणणार नाही. मी खोली उघडत होतो. त्या मला नाना म्हणत.

कमल त्यांतलीच. अक्षरओळख तिला त्याच खोलीत झाली.

काही वर्षांपूर्वी कमलचा नवरा बर्फात गेला. बातमी तालुक्याला आली, तिथून गावात आली. आमच्याकडे रीत अशी, की अशी बातमी सगळ्यांना कळते, फक्त बाईला कळत नाही. शव येईपर्यंत तिला "जखमी आहे" असे सांगायचे. टीव्हीची वायर काढायची. तिचा मोबाईल काढून घ्यायचा. दारात एक माणूस बसवायचा. यालाच दया म्हणतात.

आबांनी तो माणूस म्हणून मला निवडले. "तू फौजी हायस. तुझं ऐकंल ती. बस दारात."

मी बसलो. कमलने दोनदा विचारले, "नाना, खरं सांगा." मी दोनदा म्हणालो, "जखमी आहे." तिने मला दोनदा चहा करून दिला. मी तो प्यायलो.

दुसऱ्या दिवशी घरात पीठ नव्हते. माणसे तर येत होती. कमल डबा घेऊन मागच्या दाराने गिरणीकडे निघाली. चौकात पोरे फ्लेक्स बांधत होती. वर नवऱ्याचा फोटो, खाली दोन शब्द. तिने ते वाचले. तिला वाचता येत होते. दळणाचा डबा तिने डोक्यावरून उतरवून नीट खाली ठेवला आणि मग रस्त्यात बसली.

वर्षभराने ती खोलीत परत आली. कोपऱ्यात बसे. एक दिवस सगळ्यांदेखत म्हणाली, "नाना, त्या दिशी तुमी माज्या हातचा चहा प्यालात. दोन डाव."

"हो," मी म्हणालो.

"मग एक वही आना."

ती ही वही. एका बाईला एक पान. तशी वेळ आली तर कोणी सांगावे, कसे सांगावे, त्या वेळी जवळ कोण असावे. बस, एवढेच. पहिल्या दिवशी कोणी लेखणीला हात लावला नाही. एकीने मंगळसूत्र मुठीत धरून ठेवले. महिनाभरात चौघींनी लिहिले. मग ते आबांच्या कानावर गेले आणि ग्रामसभा भरली.

ग्रामसभेनंतर मी वही पेटीच्या तळाशी घातली. कमलला म्हटले, "राहू दे आता." तिने माझ्याकडे पाहिले आणि ती गेली. माझ्या मौनाची दुसरी किंमत मी अशी तिच्याकडून वसूल केली.

त्यानंतर मे महिन्यात सीमेवर तणाव वाढला. एका आठवड्यात बहुतेकींच्या नवऱ्यांचे फोन बंद झाले. बायका रोज दुपारी येत. पुस्तके मांडीवर उघडी असत. पान उलटत नसे. सतरंजीच्या मध्यभागी सगळ्यांचे मोबाईल ओळीने ठेवलेले. एखादा वाजला की अकरा जणी वाकून पाहत. मग कळे, कुणाच्या तरी भावाचा. किंवा कंपनीचा.

त्यांत सविता होती. आबांची धाकटी सून, माहेर मिरजगावचे. तिचा नवरा प्रवीण सीमेवर. पदरात चार वर्षांची मुलगी. एका दुपारी ती आली, तेव्हा प्रवीणचा फोन बंद होऊन चौथा दिवस होता.

"नाना, वही द्या," ती म्हणाली.

"तुझ्या घरी कळले तर?"

"कळू द्या. मरान आलं तर माज्या अंगावर येनार. आन् त्ये मला कवा कळावं, ह्ये गावानं ठरवायचं व्हय?"

मी पेटीत हात घातला. तिने उभ्याउभ्या लिहायला घेतले, मग खाली बसून लिहिले. मी वाचले.

"नानांनी सांगावे. घरात येऊन, खाली बसून सांगावे. उभे राहून सांगू नये. मुलीला आधी शेजारी पाठवावे. जखमी आहे असे खोटे सांगू नये. कमलवहिनींना बरोबर आणावे."

उभे राहून सांगू नये. ही ओळ मी अडुसष्ट वर्षांपूर्वी एकदा ऐकली होती.

मी तिला विचारले, "पलटणीच्या कागदावर फोन नंबर कोणाचा आहे?"

"आबांचा. लग्नाच्या आधीपास्नंचा. ह्या सुट्टीत बदलनार हुते."

तिसऱ्या दिवशी सकाळी आबांचा पुतण्या मोटारसायकलवर माझ्या दारी आला. इंजिन बंद केले नाही. माझ्याकडे पाहिलेही नाही.

"फौजी, आबांनी बोलावलंय. दारात बसाया."

आणखी काही विचारण्याची गरज नव्हती. "तू हो पुढे," मी म्हणालो. तो गेल्यावर सदरा बदलला आणि आधी कमलच्या घरी गेलो. तिने माझा चेहरा पाहिला आणि चूल विझवली.

वाटेत चौकात शिडी लावलेली होती. फ्लेक्स अजून आला नव्हता. पानाच्या टपरीवरची माणसे आम्हाला पाहून बोलायची थांबली. गाव जाणत होते.

आबांच्या अंगणात लिंबाखाली दहा-बारा माणसे उभी होती. मध्ये आबा खाटेवर बसलेले. टोपी हातात. मी त्यांना असे उघड्या डोक्याने कधी पाहिले नव्हते. डिशची वायर भिंतीवरून तुटून लोंबत होती.

"पहाटं गेला," ते हळू म्हणाले. "आठ वाजता फोन आला मला. परवा आनत्यात. तवर तिला कळू द्यायचं न्हाई. लेकरू हाय पदरात, काय बरंवाईट केलं म्हंजी? तू बस दारात. तुझं ऐकती ती."

त्या माणसाचा मुलगा गेला होता. हे मला दिसत होते. त्यासाठी मी क्षणभर थांबलो. अधिक थांबणे म्हणजे पुन्हा चहा पिणे झाले असते.

"आबा, मी दारात बसणार नाही."

"मग काय करनार?"

"आत जाणार. तिने लिहून दिले आहे."

ते उठले. "ती वही! त्या वहीनंच खाल्ला माझा पोरगा. येसकराच्या, माज्या उंबऱ्यात पाय टाकशील तर तंगडं मोडीन. आन् ह्या पांढऱ्या कपाळाच्या बाईला कुनी बोलावलं?"

कमल माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "सवितानं."

मी पायताण काढले. ओसरी चढलो. लिंबाखालची माणसे हलली. एकाने माझा दंड धरला. मी त्याच्याकडे पाहिले. त्याचा भाऊही सीमेवर होता, त्याची भावजय खोलीत येत असे. त्याचा हात सैल झाला. उंबरा लाकडी होता, मधोमध झिजलेला. मी तो ओलांडला. माझ्या घराण्यात तो ओलांडणारा मी पहिला.

सविता माजघरात शेंगा फोडत होती. मला पाहून ती उठली नाही. माझ्यामागे कमल दिसली, तेव्हा हातातली शेंग तिने सुपात ठेवली. कमलने मुलीचा हात धरला, मागच्या दारातून शेजारणीकडे दिला आणि परत आली. मी सवितासमोर जमिनीवर बसलो. गुडघे दुखतात माझे, तरी बसलो.

"सविता, प्रवीण गेला. आज पहाटे. जखमी नाही. गेला."

तिने सूप बाजूला सारले.

"गावाला कवा कळलं?"

"आठ वाजता."

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते.

"आठ वाजल्यापास्नं मी शेंगा फोडतीया," ती म्हणाली. "लाडवाला. पार्सल करायचं हुतं."

मग ती ओरडली. कमलने तिला दोन्ही हातांनी धरले. तिला पडू दिले नाही.

गावाने निकाल दिला: वही लागली. समाजमंदिराच्या खोलीची किल्ली पंचायतीने परत मागितली, मी दिली. पेटी घरी आणली. तेराव्यानंतर पुतण्या पुन्हा आला. या वेळी त्याने इंजिन बंद केले. "आबा म्हनत्यात, म्हातारा एकटा ऱ्हातो. ध्यानात ठिवायला सांग त्याला."

"ध्यानात आहे," मी म्हणालो.

आता बायका माझ्या घरी येतात. कमी येतात, पण येतात. सविता सुतक संपताच आली आणि सगळ्यांदेखत वही मागितली. मला वाटले, पान फाडणार. तिने आपल्या पानाखाली एकच शब्द लिहिला: सांगितले. त्या दुपारी आणखी सहा जणींनी लिहिले. फोन काहींचे लागतात, काहींचे अजून बंद आहेत.

माझ्यानंतर वही कमलकडे जाईल, हे वहीच्या पहिल्या पानावर मी लिहून सही केली आहे.

बापाचे जे काम सोडण्यासाठी मी पळालो, ते मी परत घेतले आहे. कोणी लादले म्हणून नव्हे. ज्या बाईने माझे नाव लिहिले, तिच्या घरी मी जाईन. गावाच्या आधी, फ्लेक्सच्या आधी. उंबऱ्याच्या आत जाईन, खाली बसेन आणि खरे सांगेन. ज्यांना अडवायचे असेल त्यांनी दारात उभे राहावे. मी दारात बसणे सोडले आहे.