भाऊजींचे कोपरे

माझ्या थोरल्या भाऊजींनी अख्खं भिलाई फोटोंत उतरवलं होतं, आणि ते फोटो पाहून भिलाई ओळखेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. कारखाना उभा राहत होता तेव्हाचे हे दिवस. रोज काही ना काही वर चढत होतं. चिमण्या, पाण्याच्या टाक्या, लोखंडी सांगाडे, आणि सेक्टरांमधले एका साच्यातून काढल्यासारखे क्वार्टर. ज्याच्याजवळ कॅमेरा असे तो बायकापोरांना चिमणीसमोर उभं करून फोटो काढी आणि गावी पाठवी. भाऊजी चिमणीचा फोटो काढायला जात आणि चिमणीच्या सावलीचा, तोही अर्धाच, घेऊन येत. जिन्याच्या फोटोत पायऱ्या असत, पण जिना नसे. क्वार्टरच्या फोटोत भिंतीचा एक कोपरा, खिडकीची एक बाजू आणि बाकी सगळं आभाळ. माणूस तर औषधालाही सापडत नसे.

ते ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड अंथरायचं आणि त्यावर शाईनं तेच गिरवायचं, हे त्यांचं काम. दिवसभर रेघा ओढून दुसऱ्या कुणाला रेघांचा वीट आला असता, ह्यांना चटक लागली. त्यात परतीला निघालेल्या एका रशियन इंजिनिअरनं आपला जुना कॅमेरा त्यांना देऊन टाकला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. "म्हणूनच दोस्ती टिकली," असं माझी बहीण म्हणायची.

ही बहीण म्हणजे आमची अक्का. मी भिलाईच्या प्राथमिक शाळेत बाई म्हणून लागले आणि तिच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. आम्हा दोघींची अंगकाठी एकच. पाठमोरी पाहून शेजारणी मला अक्का समजून हाक मारत आणि मी वळले की ओशाळत. मेहुणीनं भाऊजींची टिंगल करायची हा आमच्याकडचा रिवाजच, आणि ह्या भाऊजींनी मला त्या बाबतीत कधी उपाशी ठेवलं नाही. न्हाणीघर हीच त्यांची डार्करूम होती. रविवारी आंघोळ करायची तर पहाटे करा, नाहीतर सोमवारी. फिल्म वाळत पडायची ती दोरीवर अक्काच्या लुगड्यांशेजारी, आणि लुगड्याचं पाणी फिल्मवर उडालं की भाऊजी घरात असा सुतकी चेहरा करून बसायचे की विचारू नका. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर होती. त्या घरातला तेवढाच एक चेहरा. बाकी सगळ्या भिंतींवर भिंतींचेच फोटो.

एकदा आमचे बाबा गावाहून आले. भाऊजींनी मोठ्या हौसेनं त्यांच्या हातात एक फोटो दिला. बाबांनी तो असा धरला, तसा धरला, मग चष्मा पुसून पुन्हा असा धरला. "जवाईबापू, हा उलटा हाय का सुलटा?"

"कसाबी धरा, मामाजी. चारी बाजूनं सारखाच हाय."

"पण याच्यात काढलं काय तुमी?"

"उजेड," भाऊजी म्हणाले.

बाबांनी फोटो परत दिला आणि अक्काकडे अशा नजरेनं पाहिलं, की पोरगी कुठं दिली आपण. अक्का पदरात तोंड लपवून हसत होती.

माझ्या लग्नाचं चाललं होतं तेव्हा दुर्गच्या एका स्थळानं फोटो मागवला. घरात फोटोवाला असताना बाहेर कशाला जायचं, म्हणून अक्कानं मला नटवून नव्या क्वार्टरच्या गच्चीवर उभं केलं. भाऊजींनी बराच वेळ कॅमेऱ्यातून पाहिलं. "वा," म्हणाले. फोटो आला तेव्हा त्यात गच्चीच्या कठड्याची लांबच लांब सावली होती आणि खालच्या कोपऱ्यात माझी डावी चप्पल. भाऊजींनी तोच फोटो पाठवून दिला. दुर्गच्या मंडळींचा निरोप आला, की पाय पसंत आहे, बाकीची मुलगी कधी दाखवता?

अक्का चिडून मला दुर्गच्या स्टुडिओत घेऊन गेली. पडद्यावरच्या बागेसमोर माझा फोटो झाला. स्टुडिओवाल्यानं अक्काला विचारलं, बाई, तुमचाही काढू का? तिला फोटोची किती हौस होती ते मला ठाऊक होतं. लग्न गावी झालेलं, तिथं कॅमेरा कुठला? तिचा एकही फोटो नव्हता. दोघांचा एक फोटो काढा, असं ती दर सणाला भाऊजींना म्हणायची. पण स्टुडिओतल्या त्या खुर्चीकडे एकदा पाहून ती म्हणाली, "नको. माह्या घरचा माणूस फोटोवाला हाय. मी दुसऱ्याच्या हातून काढीन तं लोक काय म्हणतीन त्याले?" आणि मागं न बघता बाहेर पडली.

भाऊजींचं म्हणणं वेगळंच होतं. ते काही वाईट मनानं म्हणत नसत, हे मी आधीच सांगून ठेवते. "हे पाह्य," ते तिला समजावत, "तो सांगाडा आज हाय. उद्या त्याच्यावर पत्रे लागले का मंग तो कोनालेच दिसनार नाही. त्या परांचीच्या बल्ल्या आज बांधल्या हायत, पर्वा सुटतीन. त्याचा फोटो आजच काढा लागते. तू कुठं पळून चालली? तू तं घरीच हायस." भिलाईत तेव्हा खरंच असं होतं. सकाळी पाहिलेली गोष्ट संध्याकाळी झाकलेली असायची. त्यामुळे जे जाणार ते आधी टिपायचं, असा त्यांचा हिशेब. अक्का जाणाऱ्यांमध्ये धरलेली नव्हती.

ती त्यांच्या फोटोत कधी आली नाही, पण ती नसती तर एक फोटो झाला नसता. त्याचं असं झालं, की भाऊजी एकदा आमच्याच जिन्याखालचा कोपरा टिपायला बसले होते आणि तिथं अंधार होता. तेवढ्यात अक्का नळावरून घासलेली परात घेऊन आली. आंदणात मिळालेली पितळेची परात, काठावर ठोक्या-ठोक्यांनी तिचं नाव घातलेलं. चिंच लावून घासली की सोन्यासारखी चमकायची. तिच्यावरून ऊन उसळलं आणि त्या अंधाऱ्या कोपऱ्यात उजेडाचा एक गोल पडला. भाऊजी ओरडले, "हल्लू नको! तिथंच राय!" शेजारपाजारचे बाहेर आले. त्यांना वाटलं साप निघाला.

त्या दिवसापासून दर सुट्टीला ही वरात निघू लागली. पुढे कॅमेरा गळ्यात घालून भाऊजी, मागे जुन्या लुगड्यात गुंडाळलेली परात काखेत मारून अक्का. घरी कणीक भिजवायला परात नाही म्हणून मी पातेल्यात भिजवायची आणि चडफडायची. शेजारच्या कोहका गावची एक भाजीवाली रोज आमच्या गल्लीत यायची. तिनं एकदा टोपली उतरवून छत्तीसगढीत विचारलं, "कहाँ जाथस ओ बहिनी, परात धर के?"

"उजेड वाढाले," अक्का म्हणाली, आणि तरातरा पुढे गेली.

भर उन्हात ती परात वाकडी-तिरपी धरून उभी राही आणि भाऊजी डोळा कॅमेऱ्याला लावून हुकूम सोडत. "वर. खाली. अजून बाजूले हो, पदर येऊन राहिला. हात हलवू नको." पदर आला तर फोटो बिघडे. इतक्या वर्षांत तिच्या पदराचं टोकही त्यांनी फोटोत येऊ दिलं नाही, एवढा त्यांचा हात पक्का होता.

एका उन्हाळ्यात कुरुदच्या बाजूला पाण्याची एक टाकी पुरी होत आली होती. तिच्याभोवती बल्ल्यांची परांची होती आणि दुसऱ्या दिवशी ती सुटणार होती. अक्काच्या अंगात कणकण होती. मी म्हटलं, आज नका नेऊ तिला. भाऊजी घुटमळले. पण तीच उठली, परात काखेत घेतली. "उद्या बल्ल्या निघतीन तं मंग वर्षभर हळहळत बसतीन हे," म्हणाली. मीही गेले, छत्री घेऊन. टाकीच्या बुडाशी बल्ल्यांच्या सावल्यांची जाळी पडली होती आणि तिच्यात अक्कानं उजेडाचा गोल सोडला. तो गोल जागेवर राहीना.

"आज हात कावून हलून राहिला तुहा?"

"माहा हात नाही," अक्का म्हणाली, "ऊन हलून राहिलं."

फोटो धुतल्यावर भाऊजींनी तो बाजूला टाकला. गोलाच्या कडा थरथरलेल्या आल्या होत्या. "बिघडला," म्हणाले.

तो मुदतीचा ताप निघाला. दवाखान्यात होतं ते सगळं केलं. अक्काचे केस गेले, चेहरा एवढासा झाला. एके दिवशी संध्याकाळी भाऊजी दवाखान्यात आले ते कॅमेरा घेऊन. खाटेजवळ उभे राहिले आणि शाळेतल्या मुलासारखे म्हणाले, "तुहा फोटो काढतो."

अक्कानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसली. डोक्यावर पदर ओढून घेत म्हणाली, "आता नको. अशी नको. केस येऊ द्या माहे. बरी झाली का दोघांचा काढू."

भाऊजींनी तिचं कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. कॅमेरा पिशवीत ठेवला. ती बरी झाली नाही.

बौद्ध झाल्यापासून आमच्याकडे जुने विधी सुटले होते आणि नवे अजून हाताला बसायचे होते. वंदना म्हणायला रेल्वेतले एक वडीलधारे गृहस्थ आले. त्यांना सगळे काकाजी म्हणत. त्यांनी पाटावर पांढरं कापड अंथरलं, मेणबत्त्या लावल्या आणि सहज म्हणाले, "बाईचा फोटो ठेवा."  काकाजींना काय माहीत? त्यांनी भिंतींवर एवढे फोटो पाहिले होते, त्यांना वाटलं कुठंतरी असेल. भाऊजी उठले आणि आतल्या खोलीत गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला. पाकिटं एकामागून एक उलटी केल्याचा आवाज येत राहिला. मी आत जाऊन पाहिलं तर ते फरशीवर कोपऱ्यांच्या, पायऱ्यांच्या, सावल्यांच्या ढिगात बसले होते आणि एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पदराचं टोक शोधत होते. कुठंतरी आलं असेल. एखाद्या वेळी तरी हात चुकला असेल. मला त्यांचा राग आला होता, इतके दिवस आला होता, तो तिथं त्या फरशीवर गळून गेला.

शेवटी ते तो टाकीचा बिघडलेला फोटो घेऊन बाहेर आले. बुद्धाच्या तसबिरीखाली खिळा ठोकून त्यांनी तो लावला. काकाजींनी वाकून पाहिलं. बल्ल्यांच्या सावल्या, आणि मधोमध थरथरलेला एक पांढरा गोल.

"यात बाई कुठं हाय, बापू?"

भाऊजींनी फोटोवर बोट ठेवलं. ते सरकवत सरकवत फोटोच्या कडेपर्यंत नेलं, कड ओलांडली आणि बाजूच्या रिकाम्या भिंतीवर नेऊन टेकवलं. "इथं उभी हाय," म्हणाले.

 दाराशी कोहक्याची भाजीवाली बसली होती. तिनं मान उंचावून पाहिलं आणि रडतच म्हणाली, "ये ह तो बहिनी के परात के अंजोर आय." अंजोर म्हणजे उजेड. भाऊजी आणि मी सोडून सगळ्या खोलीत तेवढं तिनं एकटीनंच ओळखलं. मग काकाजींनी फुलं उचलली आणि वंदनेला सुरुवात केली, आणि आम्ही सगळ्यांनी एका टाकीच्या बुडाला हात जोडले. अक्का असती तर पदरात तोंड लपवून हसली असती.

पुढे भाऊजींनी भिंतींचे फोटो सोडले आणि माणसांमागे लागले. सेक्टरात त्यांच्या तावडीतून कुणी सुटलं नाही. पोस्टमन, दूधवाला, पाळण्यातली पोरं, कामावर निघालेले लोक. धरायचे, भिंतीला उभं करायचे, आणि समोरून, मधोमध, डोक्यापासून पायापर्यंत फोटो. कोहक्याच्या भाजीवालीचा टोपलीसकट काढला आणि तिला नेऊन दिला. "कोनाचं काई सांगता येत नाही," एवढंच म्हणायचे. आणि खरं सांगू का, एकही फोटो धड येत नसे. कुणाचे डोळे मिटलेले, कुणी ताटकळून वैतागलेलं, सगळे पोलिसांनी धरून आणल्यासारखे. लोक घेत, आभार मानत आणि ठेवून देत. मला ते जुने कोपरे आठवत. ज्यांची मी इतकी टिंगल केली, त्यांच्यात केवढा जीव होता हे मला तेव्हा कळलं.

माझं लग्न झालं, मी दुसऱ्या सेक्टरात गेले. एका सुट्टीच्या दिवशी भाऊजींकडे गेले तर ते नळावर बसून परात घासत होते. चिंचेनं, चांगली चकचकीत. त्या परातीत आता कणीक भिजत नव्हती, तरी ते घासत. मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊजी, एखादा कोपरा काढा ना आता."

"उजेड कोन धरन?"

मी परात त्यांच्या हातातून घेतली आणि अंगणात उन्हात जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग आतून कॅमेरा आणला. जिन्याखालच्या त्या पहिल्या कोपऱ्याकडे वळवला, डोळा लावला आणि सवयीनं म्हणाले, "थोडी बाजूले हो, पदर येऊन राहिला."

म्हणाले आणि थांबले. कॅमेरा खाली आला. पुन्हा डोळ्याला लावताना त्यांनी तो माझ्याकडे वळवला. "नाही," म्हणाले. "बाजूले नको होऊ. मधात ये."

मला परात धरायची सवय नव्हती. मी गोंधळले, परात हलली आणि सगळं ऊन कॅमेऱ्यावर गेलं. फोटो आला त्यात माझा चेहरा नव्हताच. लुगडं होतं, परात धरलेले दोन हात होते, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड. मला वाटलं, आता म्हणतील, बिघडला. पण नाही. त्यांनी खिळा आणि हातोडी आणली आणि तो फोटो टाकीच्या फोटोशेजारी लावला, जिथं त्या दिवशी भिंतीवर बोट टेकवलं होतं, बरोबर त्याच जागी.

आलागेला विचारतो, ह्या तुमच्या मंडळी का? भाऊजी मान हलवतात. तो फोटो माझा आहे, हे मी कुणाला सांगत नाही.