चार्जच्या वहीतली सही

मला सही करायची भारी हौस. बाबा मूल गावच्या राइस मिलमध्ये हमाली करायचे आणि अंगठा लावायचे. त्यामुळे मी नर्सिंगला निघाले तेव्हा निम्मी वही नुसत्या सहीच्या सरावात संपवली होती. शेवटच्या अक्षराखाली दोन रेघा, त्यावर टिंब. पुढं गडचिरोली जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात शिकाऊ म्हणून असताना दुपारी चार्जची वही पुढ्यात आली, की मी ऐटीत सही ठोकायचे. ड्यूटी बदलताना जाणारी नर्स पेशंट मोजून येणाऱ्या नर्सच्या ताब्यात देते, त्याची ती वही. येणारी स्टाफ नर्स असायला हवी. ती नव्हतीच, म्हणून आम्ही पोरी. मला मेलीला तो मान वाटायचा!

एका दुपारी बाळंतिणींच्या वॉर्डात मी एकटीच होते. जंगलातल्या गावची एक गोंड बाळंतीण जेवायला बाहेर गेली. मागच्या झाडाखाली नातेवाईक तीन दगडांवर रांधायचे, पेशंट तिथंच जेवायचे, रोजचंच होतं. त्या दिवशी मात्र ती जेवली आणि बाळाला घेऊन बैलगाडीतून गावी गेली. मायलेक सुखरूप होते, ते नंतर कळलं. पण त्याच वेळी दवाखान्याचे मोठे डॉक्टर, आमचे साहेब, वॉर्डात आले आणि खाट रिकामी दिसली.

मेट्रनबाईंनी कोरा कागद पुढे केला. "'चूक माझी झाली' असं तुझ्या सहीनं लिहून दे. मी सांभाळून घेते."

मी पेन उघडलं होतं. तेवढ्यात नर्सेसच्या युनियनचं काम बघणाऱ्या सिनियर सिस्टरबाईंनी मला व्हरांड्यात ओढलं.

"काऊन लिवतं वो? लिवलं का ट्रेनिंगमधून तुहं नाव कमी. मंग आमच्या हाती काई रायत नाई."

"पण बाई, सही माहीच हाये ना!"

"हाये तं राहू दे."

परीक्षेला चार महिने उरले होते. घरी परत गेले असते तर बाबांना काय सांगणार होते?

संध्याकाळी क्वार्टरच्या अंगणात नर्सेस जमल्या. एकजण फणकारली, "हे पोरगी आपली मेंबर नाई. आपल्याले काय करा लागते?" तिचं खोटं नव्हतं, शिकाऊंना मेंबर होता येत नसे. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सिस्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "मेंबर नाई. पण जागा तं आपलीच भरून राह्यली होती."

मग उद्या दुपारी काय करायचं ते ठरलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता सकाळच्या नर्सेसनी शिकाऊंच्या हाती चार्ज द्यायला नकार दिला. घरीही गेल्या नाहीत. इंजेक्शनं दिली, पट्ट्या बदलल्या, आणि विचारलं की एकच उत्तर, "चार्ज घ्याले स्टाफ पाठवा." चार वाजता साहेब मेट्रनबाईंना घेऊन तणतणत आले. त्यांनी वही माझ्यासमोर आपटली.

"सही कोणाची?"

मला राग आला होता. मेट्रनबाईंपेक्षा जास्त स्वतःचाच.

"माझीच आहे, सर. मागचं पान बघा, तिथंही माझीच. त्याच्या मागं माझ्या मैत्रिणीची. दोन महिन्यांत दुपारी स्टाफ नर्सची एक तरी सही दाखवा, मी आत्ता माफीनामा लिहिते."

साहेब पानं उलटत राहिले. दोन रेघा आणि टिंब, पानामागून पान. मेट्रनबाई खिडकीबाहेर बघत होत्या. कोरा कागद कोराच राहिला. आठवडाभरात दुपारच्या ड्यूटीला स्टाफ नर्स आली आणि मी परीक्षेला बसले.

नोकरीत रुजू झाले त्या दिवशी पहिली सही हजेरीपटावर केली, दुसरी युनियनच्या फॉर्मवर. दोन्ही वेळा आधी वरचा मजकूर शेवटपर्यंत वाचला.