दोरी सोडायची नाही

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीण बाईंनी एकच प्रश्न विचारला: कुत्र्याची भीती वाटते का? मी म्हणाले, अजिबात नाही. पुण्यात क्लासवरून परतताना गल्लीतली कुत्री टाळायला मी दोन चौकांचा वळसा घालत असे. पण खोली स्वच्छ होती, खिडकीतून शेतं दिसत होती, आणि घरात त्या एकट्याच राहत होत्या.

मिल्टन कीन्स या इंग्लिश शहरातल्या माझ्या ऑफिसपासून बसने पाऊण तासावरचं ते गाव. बाजाराचा चौक, एक चर्च, तीन पब, आणि घरं संपली की लगेच शेतं. ऑफिसमधली आमची सगळी मंडळी चौघं-पाच जणांत घर घेऊन ऑफिसजवळच राहायची. रोज संध्याकाळी कोणाशी तरी बोलावं लागेल म्हणून मी इतक्या लांब आले, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. दोन हजार पाच-सहाची ही गोष्ट.

बाई सत्तरीच्या होत्या. मला नावानेच हाक मार, असं त्या दोनदा म्हणाल्या. आईपेक्षा मोठ्या बाईला नावाने हाक मारणं मला जमलं नाही, म्हणून मी त्यांना काहीच म्हणत नसे. समोर जाऊन उभी राहायचे आणि त्या बघेपर्यंत थांबायचे. त्या मला 'डक' म्हणत. तिकडची जुनी माणसं लाडाने सगळ्यांनाच तसं, म्हणजे बदक, म्हणतात.

त्या उन्हाळ्यात त्यांचा गुडघा इतका दुखायला लागला की कुत्रा फिरवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि बशी पुसत पुसत सांगितलं.

"दोन वर्षांपूर्वी माझा नवरा सकाळी याला घेऊन गेला. दुपारी हा एकटाच आला, दोरी मागे फरफटत. मी दार उघडलं आणि मला कळलं. तो नंतर सापडला, एका शेतात. बसल्या जागी गेला म्हणाले." बशी पुसून झाली होती, तरी त्या पुसत होत्या. "चिखलात लोळा, ओढ्यात पडा, मला चालेल. फक्त दोरी सोडायची नाही. हा एकटा घरी आलेला मला पुन्हा बघायचा नाही."

"नाही सोडणार," मी म्हणाले.

ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या नागपूरच्या मुलीला हे कळलं तेव्हा ती हसत सुटली. "काहून वं, इंजिनिअरिंग काय कुत्रे फिरवायले केलं का? घरी सांगितलं का आईला?"

"नाही."

"सांगूही नको. रडन ते माउली."

लायब्ररीत कुत्र्यांना घेऊन फिरता येईल अशा चार वाटांचं एक पत्रक मिळालं. मी छापलेलं सगळं वाचते, सवयच आहे. कुठल्या वाटेवर कुंपण ओलांडायला पायऱ्या आहेत, कुठल्या पायऱ्यांशेजारी कुत्र्याला पलीकडे सोडायची उचलती फळी आहे, कुठे मेंढ्या असतात, सगळं पाठ झालं. शेवटी चौकटीत एक सूचना होती: गुरं मागे लागली तर कुत्र्याची दोरी सोडून द्या, तो पळून वाचेल आणि तुम्हीही वाचाल. हेही मी वाचलं. त्यावर विश्वास मात्र ठेवला नाही. गायी मागे लागतात, हे मी कधी ऐकलंच नव्हतं.

तिसरी वाट एका मोठ्या कुरणातून जायची. पत्रकात लिहिलं होतं की तिथे कधी काळी गाव होतं; आता नुसते उंचवटे. खरंच, गवताखाली घरांच्या चौथऱ्यांसारखे आकार दिसायचे, मधून गल्लीसारखी खोलगट वाट जायची. त्या गल्लीत शिरलं की वारा एकदम थांबायचा. एका खळग्याशी कुत्रा हमखास बसायचा. वास घेत नसे, भुंकत नसे. फक्त बसायचा आणि मी ओढेपर्यंत उठायचा नाही. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की यजमान सापडले ते शेत हेच. बाई तिथे कधी गेल्या नव्हत्या, आणि मी त्यांना काही बोलले नाही.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा धुकं नुसतं ओढ्यावर होतं. कुरणाच्या पायऱ्यांपर्यंत पोचलो तोवर ते सगळीकडे पसरलं. झुडपांवरून पाणी टपकत होतं. मागे राहिलेल्या चर्चच्या घड्याळाचे नऊ टोले मला समोरून ऐकू आले. तेव्हाच परत फिरायला हवं होतं.

गायी दिसण्याआधी त्यांचा श्वास ऐकू आला. मग एक काळी गाय अगदी हाताच्या अंतरावर उभी दिसली. पुण्यात आमच्या घराजवळच्या देवळाबाहेर एक बाई गाय आणि चाऱ्याच्या पेंढ्या घेऊन बसायची. येता-जाता गायीच्या पाठीला हात लावून तो छातीशी न्यायचा, हे मला शाळेत जायच्या वयापासून माहीत. हात आपोआप पुढे गेला. पाठ ओली आणि गरम होती. मी हात छातीशी नेला आणि कोणी बघितलं तर नाही ना म्हणून मागे वळले, तर मागेही गायी होत्या. त्यांच्या पायांत वासरं. कुत्रा माझ्या घोट्यांना चिकटून थरथरत होता.

एकही गाय हंबरली नाही. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, कुत्र्याकडे बघत होत्या. मी एक पाऊल टाकलं की त्या एक पाऊल टाकत. मी थांबले की थांबत, आणि दर वेळी घेरा थोडा लहान झालेला असे. मग मी जिला हात लावला होता तिने मान खाली घातली आणि माझ्या बरगड्यांना डोक्याने ढुशी दिली. ढुशी हलकीच होती, तरी मी गुडघ्यावर आले. दुसऱ्या धडकेला श्वास कोंडला.

दोरी मी मनगटाला दोन वेढे देऊन धरली होती. चौकटीतली सूचना मला शब्द न् शब्द आठवत होती. आणि डोळ्यांसमोर दाराशी उभ्या बाईही दिसत होत्या. मी वेढे सोडवले. कुत्र्याने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि तो गायींच्या पायांखालून धुक्यात गेला. सगळा कळप वळून त्याच्यामागे गेला. जमीन हादरत राहिली, मग तीही थांबली.

घर वीस मिनिटांवर होतं. कुत्र्याला दहा पुरली असती. मोबाइलवर रेंज नव्हती. तो पोचायच्या आत मी पोचणं शक्यच नव्हतं, तरी मी पळत सुटले. पळता पळता पाण्याच्या एका गंजक्या टाकीपाशी आले. तिला वळसा घालून सरळ गेले आणि पुन्हा त्याच टाकीपाशी आले. कोकणातली माझी मावशी याला चकवा म्हणायची. तिसऱ्यांदा ती टाकी दिसली तेव्हा मी पळणं सोडून हाताला लागलेली कुंपणाची तार धरली आणि तिच्या कडेने चालत राहिले.

किती वेळ चालले कळलं नाही. पायऱ्या हाताला लागल्या तेव्हा हाक ऐकू आली. बाईंचा आवाज, लांबून. पुरुषाचं नाव घेऊन त्या हाक मारत होत्या. ते नाव मला माहीत होतं. त्यांच्या यजमानांच्या नावाने अजून पत्रं यायची.

अशा हाकेला लगेच ओ देऊ नये, तिसऱ्या हाकेपर्यंत थांबावं, असंही मावशीच म्हणायची. मी हसायचे तेव्हा. आता हसले नाही. दुसरी हाक आली, तेच नाव, जरा जवळून. मी तार धरून गप्प उभी राहिले. त्या देशात आल्यापासून मी एकदाही मोठ्याने बोलले नव्हते. मीटिंगमध्येही लोक मला, जरा मोठ्याने, असं म्हणायचे.

तिसऱ्या हाकेला मी सगळा जीव एकवटून ओरडले, "ओ!"

मग काठीचा आवाज आला, आणि पायऱ्यांच्या पलीकडे बाई उभ्या दिसल्या. एप्रनवर कोट, पायात घरातल्या सपाता, भिजून काळ्या झालेल्या. कुत्रा शेजारी होता. दोरी त्यांच्या मुठीत होती. त्यांनी माझ्याकडे डोक्यापासून पायांपर्यंत बघितलं, मग माझ्या मागे बघितलं.

"सॉरी," मी म्हणाले. "सोडावी लागली. गायी..."

"लागलंय?"

"थोडं."

"आधीच ओ का नाही दिलीस? कधीची हाका मारतेय तुला."

"ऐकू आलं नाही," मी म्हणाले.

"तुझ्याच नावाने मारत होते," त्या म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं.

आम्ही दोघी कुत्र्याकडे बघत राहिलो. मी पायऱ्या चढून त्यांच्या बाजूला उतरले आणि त्यांचा कोपर धरला. एरवी मी असं कधी केलं नसतं, आणि त्यांनी एरवी धरू दिला नसता.

जायला वळलो तेव्हा त्या थांबल्या.

"इथेच सापडला ना तो? हा कुठे थांबतो ते तुला माहीत असणार. रोज येतेस."

"हो."

"कुठे?"

धुकं पहिल्यापेक्षाही दाट झालं होतं. टाकी कुठे, गल्ली कुठे, मला काही कळत नव्हतं. मी हात वर केला आणि एका दिशेला बोट दाखवलं. "तिथे. एक छोटा खळगा आहे. वारा लागत नाही."

त्या तिकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मी हात खाली घेतला नाही.