खोकं बाजूला ठेवा, सूनबाई

फौजी मिस्त्रींनी आमच्या दुकानातला पार्ट खोक्यासकट कधी हातात घेतला नाही. मी खोकं काउंटरवर ठेवलं की ते दोन पावलं मागं सरकत आणि म्हणत, "खोकं बाजूला ठेवा, सूनबाई. आतला माणूस बाहेर काढा." मग शर्टाच्या खिशातून दोरीला बांधलेलं लोहचुंबक निघे, पँटच्या खिशातून बोटभर कानस निघे, आणि चार गिऱ्हाइकांसमोर माझ्या मालाची झडती सुरू होई. गिऱ्हाइकं हसत. मला मात्र आतून चीड येई.

मलकापुरात सर्व्हिस रोडला आमचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. सासऱ्यांनी ते सुरू केलं. ते थकल्यावर नवरा माल आणायला सांगली-कोल्हापूरला फिरू लागला आणि काउंटर माझ्याकडे आला. शेजारच्या लिंबाखाली फौजी बसत. लष्कराच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. गावी आल्यावर त्यांनी फक्त जुने ट्रॅक्टर हातात घेतले, ज्यांचं मॉडेल कंपनीनं कधीचंच बंद केलंय असे. अशा ट्रॅक्टरला कंपनीचा पार्ट मिळत नाही. मिळतो तो कुणीतरी कुठंतरी बनवलेला, आणि खोक्यावर मात्र चकचकीत स्टिकर लावून 'ओरिजनल' छापलेलं असतं.

"लोकल माल वाईट न्हाई," फौजी म्हणत. "आपल्या लेथवाल्यानं केल्याला बुश मी बिनधास्त बसवतो. लोकल आसून वरिजनल म्हणून मिरवतोय, त्यो वाईट." आणि एवढं बोलून त्या लेथवाल्याच्या पितळी बुशालाही चुंबक लावून बघत. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आणि वर नुसता पिवळा मुलामा. लेथवाला त्यांचा बालमित्र होता, पण त्याचीही सुटका नव्हती.

काढलेला जुना पार्ट ते ट्रॅक्टरच्या मालकासमोरच ऐरणीवर ठेवून फोडत. बेअरिंग असलं तर घण घालत, नाहीतर करवतीनं त्यात खाच पाडत. एकदा मी विचारलं, "अहो, भंगारातच जायचाय ना तो? मग एवढी मेहनत कशाला?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भंगारातनं त्यो कुठं जातोय, तुमी बघितलंय? पालिश हून, रंग लावून, नव्या खोक्यात बसून तुमच्याच कपाटात येतोय." त्या दुपारी मी कपाटातली बेअरिंगं काढून उगाचच निरखत बसले.

हा संशय फक्त लोखंडापुरता नव्हता. हळद आणली की आधी चिमूटभर ग्लासातल्या पाण्यात टाकायची, ही त्यांच्या घरची रीत. मुलीसाठी स्थळ बघायला तासगावकडे गेले, तर पाहुण्यांच्या घरात न जाता आधी शेडात शिरले. पाहुणे म्हणाले होते, पंधरा वर्षं घरचा ट्रॅक्टर आहे. फौजींनी ट्रॅक्टरखालची फरशी बघितली आणि चहा न घेताच परत आले. "पंधरा वर्सं ट्रॅक्टर हुबा ऱ्हातोय आन् खाली तेलाचा एक डाग न्हाई? मागून आणून हुबा केलाय गड्यांनी." पुढं कळलं, तो खरंच मेव्हण्याचा होता. मुलीचं लग्न नंतर दुसरीकडे झालं आणि चांगलं झालं.

खरं सांगायचं तर मलाही त्यांचा संशय होता. मला वाटे, दुसऱ्या कुठल्यातरी दुकानातून यांना कमिशन मिळत असणार, म्हणून आमचा माल नाकारतात. सासऱ्यांना मी तसं बोलूनही दाखवलं होतं. ते नुसते हसले होते.

उसाचा हंगाम तोंडावर आला होता. नवऱ्यानं सांगलीच्या एका नव्या व्यापाऱ्याकडून स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटचा लॉट आणला. हा म्हणजे पुढची चाकं वळवणारा सांधा. एका वाटीत पोलादी गोटी बसवलेली असते, आणि ती गोटी निसटली तर स्टिअरिंग हातात राहतं आणि ट्रॅक्टर मनाला येईल तिकडे जातो. फौजींना एक जोडी हवी होती. त्यांनी गोटीवर कानस ओढली, थांबले, परत ओढली.

"पक्क्या पोलादावर कानस घसराय पायजे, सूनबाई. ही चावतीया. कच्चं हाय."

गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं. माझा तोल गेला. "सगळं दुकानच खोटं म्हणा की एकदाचं!"

"दुकानाचं मला म्हाईत न्हाई. पार्टाचं सांगतोय," ते म्हणाले आणि लिंबाखाली जाऊन बसले.

त्याच संध्याकाळी मी ती जोडी शामरावांना विकली. ते नदीपलीकडच्या गावचे, आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी ती आपल्या गावातल्या मिस्त्रीकडून बसवून घेतली. दोन दिवसांनी मी मुद्दाम फौजींना ऐकवलं, "तुम्हाला नको झालेली जोडी लगेच गेली."

ते हात पुसत उठले. "कुनाला?"

"शामरावांना."

"ऊस वडतोय का त्यो?"

"हो, दोन ट्रॉल्या."

"चला मग. दुकान बंद करा."

मी का यायचं, असं विचारलं तर म्हणाले, "माझ्यावर त्यो इस्वास ठिवणार न्हाई. तुमच्यावर ठिवंल. तुमी इकलाय." त्यांनी आपल्या पत्र्याच्या पेटीतून एक जुनी जोडी काढली. कुठल्यातरी मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरची, न फोडता जपून ठेवलेली तेवढीच एक. माझ्या स्कुटीवर मागं पाने-हातोडीची पिशवी मांडीवर घेऊन बसले, आणि आम्ही साखर कारखान्यावर गेलो.

शामरावांचा ट्रॅक्टर उसानं गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्यांसह रांगेत उभा होता. फौजींनी बॉल जॉइंट काढायचं म्हटल्यावर ते उखडले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वैनी, किती कमिशन भेटतंय ह्यास्नी?"

माझाच प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "शामराव, विकलाय मी. आता मीच सांगते, काढू द्या."

फौजींनी जोडी काढली. एक सांधा दगडावर आडवा धरला आणि हातोडीचा एकच टोला घातला. गोटी वाटीतून निसटून मातीत पडली. ती उचलून त्यांनी शामरावांच्या तळहातावर ठेवली. शामरावांनी ती बोटांत फिरवून बघितली. मग म्हणाले, "आत्ता पुलावरनं आलोय मी. म्होरं शाळंची पोरं सायकलीवर हुती."

कुणी कुणाचे आभार मानले नाहीत. फौजींनी चिखलात बसून जुनी जोडी चढवली. मी पाने हातात देत राहिले. दुकानात परत आल्यावर मी तो सगळा लॉट स्वतः त्यांच्या ऐरणीपाशी नेऊन ठेवला. सांगलीच्या व्यापाऱ्यानं नवऱ्यापुढं हात झटकले. त्यालाही म्हणे माल वरून ओरिजनल म्हणूनच आला होता.

दुसऱ्या दिवशी मी एक कानस घेतली. पुढची कितीतरी वर्षं माल आला की मी तो तपासून कपाटात ठेवायची. तरी फौजी यायचे, मागं सरकायचे आणि म्हणायचे, "खोकं बाजूला ठेवा, सूनबाई." एकदा तरी या माणसानं माझ्या हातून पार्ट न बघता घ्यावा, अशी मला फार इच्छा होती.

गेल्या वर्षी त्यांना मोतीबिंदू झाला. एका सकाळी काळा चष्मा लावून आले. शामरावांच्याच ट्रॅक्टरला बॉल जॉइंटची जोडी हवी होती. दुकानात गर्दी होती. माल आदल्या दिवशीच आलेला, अजून बांधलेलाच. मी गडबडीत बंद खोकं काउंटरवर ठेवलं. फौजी मागं सरकले नाहीत. त्यांनी ते चाचपडत उचललं आणि पिशवीत टाकलं.

"बघत नाही?" मी विचारलं.

"तुमी बघितलाय न्हवं? मग झालं," म्हणाले आणि चालू लागले.

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो दिवस उजाडला होता. पण मी काही बघितलंच नव्हतं. गिऱ्हाइकं तशीच सोडून मी धावले. ते लिंबापर्यंत पोचले होते. "फौजी, थांबा! द्या ते इकडं."

त्यांनी काही न विचारता पिशवी पुढं केली. मी ऐरणीशेजारी बसले, खोकं फेकलं आणि कानस ओढली. घसरली. परत ओढली. घसरली. दुसराही तसाच निघाला.

"चांगला हाय?" त्यांनी विचारलं.

"चांगला आहे."

"मग बसवतो," म्हणाले आणि पाने शोधू लागले.

त्यानंतर चार महिन्यांत ते गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मी वडील गेल्यावर रडले नव्हते एवढी रडले. दहाव्याला त्यांच्या मुलीनं ते लोहचुंबक दोरीसकट माझ्या हातात दिलं. बोलता बोलता मी म्हटलं, शेवटी शेवटी दिसत नव्हतं बिचाऱ्यांना. ती म्हणाली, "नाही हो काकी, मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीतच झालं होतं. नंतर पेपर वाचायचे की रोज."

ते माझ्या दुकानात काळा चष्मा लावून आले, ते संक्रांत झाल्यावर.