उरलेल्या गोळ्यांचा डबा

थोरलीला काही म्हणजे काही टाकवत नसे. शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम घरातच चालायचं. पुढच्या खोलीत मशीन, खिडकीशी कापायचं टेबल. बाहीतून तुकडा उरला की त्याचा खिसा, खिशातून उरला की पट्टी, आणि पट्टीतूनही उरलाच तर गाठोड्यात. तीस वर्षांत या बाईनं वीतभर कापड वाया घालवलं नाही आणि त्याचा तिला भारी तोरा. असू दे की! मिरवण्यासारखीच गोष्ट होती ती. पण हाच नियम तिनं गोळ्यांनाही लावला, आणि तिथं घात झाला.

डॉक्टरनं सात दिवसांच्या गोळ्या दिल्या की थोरली तीन दिवस घ्यायची. ताप उतरला, घसा मोकळा झाला, मग पुढच्या उगीच कशाला गिळायच्या? उरलेल्या गोळ्या जायच्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. नवऱ्याच्या दाढेच्या, लेकीच्या कानाच्या, शेजारणीच्या खोकल्याच्या, सगळ्यांच्या उरलेल्या तिथंच जमा. प्रत्येक पाकिटाला चिठ्ठी टाचलेली: ‘घसा’, ‘दाढ’, ‘लघवी’. गल्लीत कुणाला काही झालं की आधी डबा, मग दवाखाना. लोक तिला ‘बिनपाटीचा दवाखाना’ म्हणून चिडवायचे आणि ही बया त्यावर खूश!

धाकटी म्हणजे तिची जाऊ. बावीस वर्षं दोघी एकाच खोलीत कामाला बसत होत्या. थोरली शिवायची, धाकटी काजं-बटणं करायची. दोघींच्या नवऱ्यांचं, भाऊ भाऊ असून, एकमेकांशी जेमतेम जमायचं. या मात्र दिवसभर खिदळायच्या. धाकटी मुलखाची लाजाळू. शाळा उघडायच्या आधी कामाचा असा रेटा असायचा की दोघी पाणी प्यायचंच टाळायच्या. प्यायलं की उठावं लागतं, आणि संडास मागच्या अंगणापलीकडे. मग व्हायचं तेच झालं. एके दिवशी धाकटी कानाशी येऊन पुटपुटली, “ताई, लघवीला आग होतेय हो. यांना नका सांगू.”

“एवढंच ना? मग त्या तरण्या डॉक्टरपुढं काय सांगत बसणार आहेस?” म्हणत थोरलीनं डबा उघडला. ‘लघवी’च्या चार गोळ्या निघाल्या. दोन दिवसांत आग थांबली. “सुटले बाई!” धाकटी म्हणाली.

चार महिन्यांनी पुन्हा आग, पुन्हा डबा. ‘लघवी’ची चिठ्ठी संपली तेव्हा ‘दाढे’च्या दिल्या, मग ‘घशा’च्या. दोन वर्षांत सहा वेळा. दरवेळी बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की गोळ्या बंद. आग विझली तरी सगळे जंतू मेलेले नाहीत, उरलेले उलट निगरगट्ट होत चाललेत, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

सातव्या वेळी धाकटीला हुडहुडी भरली, कंबर धरून ती खालीच बसली. मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “याआधी कुठल्या गोळ्या घेतल्या होत्या?”

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं आणि मान हलवली. “नाही, काहीच नाही.” खाटेशी दोघी जावांचे नवरे उभे. त्यांच्यादेखत कसं बोलायचं? थोरलीनं मिठाची गुळणी धरली. हे तिनं स्वतःला पुढं कधी माफ केलं नाही, आणि का करावं?

नेहमीचं औषध सुरू झालं. दोन दिवस ताप हटेना. तिसऱ्या दिवशी लघवीच्या तपासणीचा कागद आला: बहुतेक औषधं या जंतूंना लागूच पडत नव्हती. तेव्हा कुठं थोरली घरी धावली आणि डबा आणून तिनं डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पालथा केला. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चिठ्ठ्या वाचत त्या म्हणाल्या, “हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर दोन दिवस वाचले असते. आता शिरेतून द्यायचं एकच औषध हाताशी आहे. ते लागू पडेल. पण पुन्हा आग झाली तर त्याच दिवशी आणा. दुसरा दिवस उजाडू देऊ नका.”

औषध लागू पडलं. धाकटी घरी आली, निम्मी होऊन. डबा इस्पितळातच राहिला. गल्लीतलं कुणी गोळी मागायला आलं की थोरली खेकसायची, “डॉक्टरकडे जा! आणि देतील तेवढ्या पुऱ्या घे!” ते ठीकच होतं. पण रडणं काही थांबेना. माप घेताना रडायची, वाढताना रडायची, येणाऱ्या गिऱ्हाईकाला सगळं पहिल्यापासून सांगायची आणि शेवटी धाकटीच्या पायाशी बसून म्हणायची, “मी तुझं वाटोळं केलं गं.”

“पुरे हो ताई,” धाकटी म्हणायची. “तुम्ही का मुद्दाम केलंत?” मग तीच थोरलीचे डोळे पुसायची.

रोज सकाळी थोरली पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यापुढं उभी. “आग नाही ना?”

“नाही हो.”

सात-आठ महिने असेच गेले. एका दुपारी बटण लावता लावता धाकटीच्या हातातली सुई पडली. उचलायला ती वाकली ती वर येईचना. थोरलीनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ तापलं होतं.

“कधीपासून?”

“पाच दिवस झाले.”

“अगं, रोज विचारते ना मी! एका शब्दानं बोलली नाहीस?”

धाकटीचे दात वाजत होते. “तुम्ही परत रडत बसला असतात. मला नाही बघवत हो ते. म्हटलं, पाणी पिऊन जाईल आपोआप.”

डॉक्टरीणबाईंनी तेच एक औषध लगेच सुरू केलं. पण तोवर विष रक्तात भिनलं होतं. चौथ्या दिवशी धाकटी गेली.

घरातली माणसं पांगल्यावर दीर पुढच्या खोलीत आला. अर्धवट राहिलेल्या सदऱ्यांच्या ढिगाशी थोरली बसली होती. डोळे कोरडे.

“वहिनी,” तो म्हणाला, “मला ती कधी बोलली नसती. पण तुम्हाला तरी सांगायचं होतं तिनं.”

“तिचं काही चुकलं नाही, भावजी,” थोरली म्हणाली. “तिनं येऊन सांगावं अशी मीच राहिले नव्हते.”